दारावरचं नाव

मल्लेश्वरमची सकाळ लवकर सुरू होते. आठव्या क्रॉसवर फुलवाल्या बायका उजाडायच्या आत माळा ओवायला बसतात. संपिगे रस्त्याला ज्या झाडाने नाव दिलं तो आपला सोनचाफा आता तिथं शोधावा लागतो. पण देवळाच्या वाटेवर त्याचा वास अजून विकत मिळतो. फिरायला निघालेली माणसं एकमेकांना ओळखतात ती नावाने नव्हे, वेळेने. कुणी सँकी तलावाकडे वळतं, कुणी काडु मल्लेश्वराकडे.

याच मल्लेश्वरममध्ये एक ख्रिस्ती गुरुकुल आहे. कॅथलिक धर्मगुरू घडवणारी ही संस्था अठराव्या शतकात पुदुच्चेरीत सुरू झाली आणि १९३४ मध्ये बेंगळुरूला आली. तिचं नाव सेंट पीटर. म्हणजे मराठी बायबलमधला पेत्र. येणारा-जाणारा नाव वाचतो आणि पुढे जातो. दारावरच्या नावाचा कुणी विचार करत नाही. पण एखाद्या सकाळी पाय जरा रेंगाळतात आणि विचार येतो, हे नाव दारावर लागलं कसं? कारण गोष्ट माहीत असेल तर हे नाव काही निष्कलंक नाही. ज्या रात्री यहूदा इस्कर्योताने येशूला धरून दिलं, त्याच रात्री काही तासांच्या अंतराने पेत्रानेही त्याची ओळख नाकारली. एकदा नाही, तीनदा.

एकाच रात्री दोन मित्र चुकले. एकाचं नाव जगभरच्या शाळांना, चर्चना, मुलांना दिलं गेलं. रोममधलं सर्वांत मोठं चर्च त्याच्याच नावाचं. दुसऱ्याचं नाव शिवी झालं. बेंगळुरूत पीटर हवे तितके भेटतील. यहूदा इस्कर्योताचं नाव कुणी आपल्या लेकराला ठेवत नाही. खरं तर बारा शिष्यांत आणखी एक यहूदा होता. बिचारा. शुभवर्तमान लिहिणाऱ्या योहानाला त्याचा उल्लेख करताना लगेच खुलासा करावा लागतो, की हा इस्कर्योत नव्हे. दुसऱ्याच्या कर्माचा भार नुसत्या नावामुळे वाहावा लागतो, तो असा. पुढे तर याहून वाईट झालं. या एका माणसाच्या नावावरून युरोपात शतकानुशतकं सबंध ज्यू समाजाला दूषणं दिली गेली. उरलेले अकराही ज्यूच होते, स्वतः येशूही ज्यू होता, हे त्या दूषणं देणाऱ्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

यहूदाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, म्हणून तिच्यातले तपशील निसटतात. मराठीला ही गोष्ट काही परकी नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ छापलं ते १६१६ मध्ये. आपल्या काळात वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केलं. चारशे वर्षं ही रात्र मराठीत सांगितली जाते आहे. तरी आपल्याला आठवतात ती तीस नाणी आणि ते चुंबन, एवढंच.

यहूदा त्या बारा जणांचा खजिनदार होता. पैशाची थैली त्याच्याकडे असे. तो तिच्यातले पैसे लांबवत असे असं योहान सांगतो. पण ते मागाहून. त्या दिवसांत थैली त्याच्या हाती आली ती विश्वासानेच. घरदार सोडून गावोगाव फिरणाऱ्या माणसांची सगळी शिल्लक एकाच्या कमरेला. आपण भिशीची वही कुणाकडे देतो? सगळ्यांत हुशार माणसाकडे नाही. ज्याच्याबद्दल कुणाच्याच मनात प्रश्न येत नाही, त्याच्याकडे.

चांदीची नाणी तीस. निर्गमाच्या पुस्तकात एक नियम आहे: एखाद्याच्या बैलाने दुसऱ्याच्या गुलामाला शिंगाने मारलं, तर बैलाच्या मालकाने गुलामाच्या धन्याला तीस शेकेल चांदी भरून द्यावी. मत्तयाच्या पहिल्या वाचकांना आकडा ऐकताच तो नियम आठवला असणार. म्हणजे रक्कम काही फार मोठी नव्हती. मग एवढ्यासाठी? हा प्रश्न दोन हजार वर्षं विचारला जातो आहे. कुणी लोभ म्हणतं. लूक आणि योहान म्हणतात, त्याच्यात सैतान शिरला. अलीकडचे काहीजण म्हणतात, येशूला कोंडीत पकडलं तर तो उठाव करील अशी त्याची अटकळ असावी. मला या कारणांत फारसा रस वाटत नाही. विश्वासघात झाल्यावर माणूस कारण शोधत बसतो, कारण ते सापडलं तर आधीची मैत्री खरी होती असं मानता येतं.

योहानाच्या सांगण्यात त्या संध्याकाळी येशू जेवणावरून उठतो, कमरेला पंचा गुंडाळतो आणि शिष्यांचे पाय धुतो. तेव्हा यहूदा तिथंच आहे. तो बाहेर पडतो ते नंतर. म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले, पुसले गेले, आणि त्याच पायांनी तो चालत गेला. पवित्र गुरुवारी चर्चमध्ये हा विधी होतो. बहुतेक ठिकाणी बारा जणांचे पाय धुतात. यहूदाला वगळून अकरा करावेत असं कुणाला सुचलेलं दिसत नाही.

मग बाग, मशाली, शिपाई. शिष्याने गुरूचं चुंबन घेऊन अभिवादन करायची त्या काळची रीत. अंधारात भलताच माणूस धरला जाऊ नये म्हणून तीच खूण ठरलेली. लांबून बोट दाखवलं असतं तरी काम झालं असतं. पण बोट शत्रूही दाखवू शकतो. केसाने गळा कापायला जवळचाच माणूस लागतो. इतक्या जवळ परक्याला कोण येऊ देतं? आणि मत्तय सांगतो, येशू तेव्हाही त्याला मित्र म्हणूनच हाक मारतो. त्या हाकेत उपरोध होता की दुःख, हे लिहिणाऱ्याने लिहिलेलं नाही. मला वाटतं, सवय असावी. एका ताटात जेवल्याची सवय एका रात्रीत सुटत नाही.

पण या सगळ्या गोष्टीत मला धरून ठेवणारी जागा निराळी आहे. ती चुंबनाच्या आधी येते. वल्हांडणाचं जेवण चाललं आहे. येशू म्हणतो, तुमच्यातलाच एकजण मला धरून देणार आहे. खोलीत काय झालं असेल? योहान म्हणतो, ते एकमेकांकडे पाहू लागले. मार्क आणि मत्तय म्हणतात, एकेकजण विचारू लागला: मी तर नाही ना? दोन्ही खरं असावं. आधी डोळे शेजाऱ्याकडे गेले असतील. मग हळूहळू आत वळले असतील.

यहूदावर कुणालाच संशय आला नाही. तो उठून बाहेर गेला तेव्हाही बाकीच्यांना वाटलं, सणासाठी काही आणायला गेला असेल, किंवा गरिबांना काही द्यायला. थैली त्याच्याकडेच होती ना. ‘तोच असणार, मला आधीपासून वाटत होतं,’ असं म्हणणारा एकही माणूस त्या खोलीत नव्हता. अशी माणसं नंतर निघतात. घटना घडून गेली की ती गावोगाव असतात.

आणि जो तो स्वतःबद्दल विचारत होता, याचा अर्थ काय? ज्याच्या मनात काही नव्हतं, त्याने का विचारावं? मला वाटतं, त्या अकरा जणांना स्वतःची खात्री नव्हती. पुढच्या काही तासांत ते सगळे पळाले, तेव्हा ती शंका खोटी नव्हती हे दिसलंच. पेत्राला मात्र स्वतःची खात्री होती. बाकी सगळे सोडून गेले तरी मी जाणार नाही, मरावं लागलं तरी नाही, असं तो म्हणाला. त्या रात्री सर्वांत मोठी शपथ त्यानेच घेतली.

मल्लेश्वरममधल्या त्या गुरुकुलानेही एक अवघड सकाळ पाहिली आहे. २०१३ साली ईस्टर ३१ मार्चला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुकुलाचे रेक्टर फादर के. जे. थॉमस यांचा खून झाल्याचं उघडकीला आलं. वर्षभराने पोलिसांनी ज्यांना अटक केली त्यांत धर्मगुरूही होते. आरोप म्हणजे निकाल नव्हे, आणि त्या प्रकरणावर बोलायचा अधिकार न्यायालयाचा. माझ्या मनात येतं ते मधल्या वर्षाबद्दल. रोज घंटा होत असेल. रोज पंगत बसत असेल. ताट पुढे ओढताना शेजाऱ्याकडे नजर गेली, तर ती कशी गेली असेल? संशय घरात शिरला की निरपराध माणसालाही नीट जेवता येत नाही. ‘मी तर नाही ना’ या प्रश्नापेक्षा ‘हा तर नाही ना’ हा प्रश्न घास जास्त अडकवतो.

आता पेत्राकडे येऊ.

येशूला धरून नेल्यावर बाकीचे पांगले. पेत्र मात्र लांबून मागे मागे गेला. हेही नोंदवायला हवं. नाकारण्याची वेळ त्याच्यावर आली, कारण तो निदान तिथवर गेला होता. जे घरी बसले त्यांना कुणी काही विचारलंच नाही. महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात चाकरांनी थंडीमुळे कोळशाचा शेक केला होता. पेत्रही हात शेकत उभा राहिला. एका दासीने त्याला निरखून पाहिलं आणि म्हणाली, तूही त्याच्याबरोबर होतास. तो म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. आणखी कुणी म्हटलं. त्याने पुन्हा नाकारलं. मग उभ्या असलेल्यांपैकी कुणी म्हणालं, तुझ्या बोलण्यावरूनच कळतं.

गालीलचा हेल. यरुशलेमच्या अंगणात तो लपला नाही. हा बारकावा आम्हा बेंगळुरूकर मराठी माणसांना फार जवळचा वाटतो. आमच्या मराठीला कानडीचा हेल आहे. पुण्यात रिक्षावाल्याशी दोन वाक्यं बोललो की तो विचारतो, तुम्ही इकडचे नाही ना? तोंड उघडलं की गाव कळतं. माणूस ओळख नाकारतो ती शब्दांनी, आणि ते शब्दच ओळख सांगून टाकतात.

तिसऱ्यांदा त्याने शपथा घालून नाकारलं, आणि कोंबडा आरवला. लूक आणखी एक गोष्ट सांगतो. त्या क्षणी येशूने वळून पेत्राकडे पाहिलं. बोलला काही नाही. पेत्र बाहेर गेला आणि हुंदके देऊन रडला.

आता मला सरळ विचारलं, तर मी दोघांना एका मापाने मोजणार नाही. पेत्राचं नाकारणं भीतीचं होतं. समोर शिपाई, हाताला थंडी, तोंडातून खोटं निघून गेलं. यहूदाचं कृत्य ठरवून केलेलं होतं. तो याजकांकडे गेला, किती देता म्हणून विचारलं, रक्कम ठरवली, संधी शोधली. मध्ये दिवस गेले. त्या दिवसांत तो येशूबरोबर जेवला, चालला, बोलला. भीतीला क्षण पुरतो, सौद्याला दिवस लागतात. हा फरक पुसून टाकणं म्हणजे क्षमा नव्हे, ढिलाई आहे.

पण लोक यहूदाची गोष्ट अर्धीच सांगतात. मत्तय पुढचं सांगतो. येशूला मृत्युदंड होणार हे पाहिल्यावर यहूदाला पश्चात्ताप झाला. तो नाणी घेऊन परत गेला आणि म्हणाला, मी पाप केलं, निर्दोष माणसाला धरून दिलं. एवढी स्पष्ट कबुली त्या रात्री पेत्राच्या तोंडूनही निघाली नव्हती. याजक म्हणाले, त्याचं आम्हाला काय? तुझं तू पाहून घे. त्याने नाणी मंदिरात फेकली आणि जाऊन स्वतःचा जीव घेतला. त्या पैशातून याजकांनी परक्यांना पुरण्यासाठी कुंभाराचं शेत घेतलं. प्रेषितांच्या कृत्यांत त्याचा शेवट वेगळा सांगितला आहे. पण मत्तयाचं सांगणं मनातून जात नाही.

कबुली खरी होती. ती चुकीच्या दारात गेली. ज्यांच्याशी सौदा केला त्यांच्याकडेच तो पापाची पावती मागायला गेला. त्यांना माणूस नको होता, काम हवं होतं. काम झालं होतं. ज्याचा घात केला तो मित्र त्या घटकेला जिवंत होता. पहारा होता, भिंती होत्या, जवळ जाता आलं नसतं, हे खरं. पण बाकीचे अकरा कुठंतरी होतेच. तेही तोंड लपवूनच बसलेले. यहूदा त्यांच्याकडे गेला असता तर त्यांनी त्याला आत घेतलं असतं का? मला शंका आहे. आपण घेतलं असतं का, हेही मला सांगता येत नाही.

पेत्र रडला, पण लांब गेला नाही. त्या अकरा जणांतच राहिला. तोंड दाखवायला जागा नसतानाही राहिला. रविवारी सकाळी बातमी आली तेव्हा ती ऐकायला तो घरात होता.

इथे मला मल्लेश्वरममधलं दुसरं दार आठवतं. काडु मल्लेश्वराचं. या देवळाचा संबंध शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी, ऊर्फ एकोजी, यांच्याशी आहे. देवाला एक गाव इनाम दिल्याचा त्यांचा १६६९ चा शिलालेख इथे आहे. त्याआधी तीसेक वर्षांपासून बेंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. मराठी माणूस या देवळात आला की त्याला हे कुणीतरी अभिमानाने सांगतंच. पण भोसल्यांच्या या घरातही एक विश्वासघाताची पहाट आहे, तिचा उल्लेख सहसा होत नाही.

२५ जुलै १६४८. जिंजीला आदिलशाही फौजेचा वेढा पडला होता. शहाजीराजे त्याच फौजेत, सेनापती मुस्तफाखानाच्या छावणीत होते. वरवर स्नेह होता. पहाटे त्यांचा तळ झोपेत असताना घेरला गेला आणि राजे कैद झाले. त्यांना प्रत्यक्ष पकडणारे होते मुधोळचे बाजी घोरपडे. भोसले आणि घोरपडे मुळात एकाच वंशाचे मानले जातात. खानाने धरलं असतं तर ते राजकारण होतं. घोरपड्यांनी धरलं, ते लागलं. राजांची सुटका पुढच्या वर्षी झाली. त्यासाठी शिवाजीराजांना कोंढाणा सोडावा लागला आणि थोरल्या संभाजीराजांना बेंगळूरचा किल्ला. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी मुधोळवर चाल केली. बाजी घोरपडे मारले गेले. घाताची फेड झाली. आपल्याकडच्या बहुतेक गोष्टी इथे संपतात, आणि ऐकणाऱ्याला बरं वाटतं.

ही गोष्ट मात्र तिथं संपली नाही. १६७७ मध्ये दक्षिणेच्या स्वारीवर असताना महाराजांनी मालोजी घोरपड्यांना भागानगरहून एक लांबलचक पत्र लिहिलं. मालोजी म्हणजे बाजींचा मुलगा. मी ते पत्र पुष्कळदा वाचलं आहे. महाराज त्यात आधी जुना हिशेब मांडतात. आमच्या वडिलांनी तुमच्या वडिलांना आदिलशाही दरबारात पुढे आणलं. त्याची परतफेड तुमच्या वडिलांनी कशी केली. मग वैर कसं वाढलं, दोन्हीकडची माणसं कशी मारली गेली. काही झाकलेलं नाही, काही गोड केलेलं नाही. हे सगळं लिहून झाल्यावर मग ते म्हणतात, ते वैर आता मनातून काढा, या, दक्षिणेचं राज्य दक्षिण्यांच्या हाती राहावं म्हणून एक होऊ.

पत्र राजकारणाचं होतं. महाराजांना त्या घडीला मित्र हवे होते, हे उघड आहे. येशूच्या क्षमेशी त्याची बरोबरी करणं दोघांवरही अन्याय होईल. शिवाय महाराजांची तलवार आधी गेली होती, पत्र तेरा वर्षांनी. पण एक गोष्ट त्या पत्रातून शिकावी अशी आहे. झालं गेलं विसरून जा, अशी सुरुवात ते करत नाहीत. झालं काय, ते आधी सांगतात. आपण मिटवामिटवी करताना उलट वागतो. विषय निघू नये म्हणून चहा मागवतो, पिकांबद्दल, पावसाबद्दल, मुलांच्या शाळेबद्दल बोलतो आणि म्हणतो, मिटलं. ते मिटलेलं नसतं. त्यावर नुसतं फडकं टाकलेलं असतं.

जवळच्या माणसाशी हिशेब मांडणं सगळ्यांत अवघड. त्याच १६७७ च्या स्वारीत व्यंकोजीराजे सावत्र भावाला भेटायला आले. वडिलांच्या दौलतीच्या वाट्याची बोलणी सुरू झाली आणि एका रात्री व्यंकोजी न सांगता निघून गेले. पुढे लढाई झाली, मग समेटही झाला. त्या समेटात महाराजांनी बेंगळूरचा मुलूख व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला. आज जिथे फ्लॅटच्या किमती ऐकून छाती दडपते, ते गाव एका भावजयीच्या चोळीबांगडीचं होतं.

योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय पहाटेचा आहे. पेत्र आणि काही शिष्य आपल्या जुन्या धंद्याकडे वळलेत. तिबिर्याच्या सरोवरात रात्रभर जाळं टाकून हाती काही लागलेलं नाही. उजाडताना काठावर कुणी उभं दिसतं. येशू असल्याचं कळताच पेत्र होडीतून उडी टाकतो. काठावर कोळशाचा विस्तव पेटलेला, त्यावर मासे, बाजूला भाकर. योहानाने अंगणातला शेकही कोळशाचाच सांगितला होता. पेत्राच्या नाकाला तो धूर ओळखीचा वाटला असेलच.

येशू त्यांना न्याहारी करायला बोलावतो. पेत्राला काही विचारत नाही. आधी सगळे खातात. बेंगळुरूच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. इथे टिफिन झाल्याशिवाय महत्त्वाचं बोलणं सुरू होत नाही. न्याहारी झाल्यावर मात्र येशू विचारतो. माझ्यावर तुझं प्रेम आहे का? पेत्र हो म्हणतो. येशू पुन्हा विचारतो. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी झाला, असं योहानाने मुद्दाम लिहिलं आहे. होणारच. तीन का, ते दोघांनाही माहीत होतं. अंगणातल्या रात्रीबद्दल एक शब्दही न काढता तिची तीन वेळा आठवण झाली. मग त्याच्यावर मेंढरं सोपवली गेली. ज्याने ओळख नाकारली होती, त्याच्याच हाती कळप.

त्या सकाळी काठावर असलेल्यांत यहूदा नव्हता. अंगणातल्या त्या पहाटेपासून विस्तवाजवळच्या या न्याहारीपर्यंत थोडेच दिवस गेले होते. तो थांबला असता तर काय झालं असतं, हे शुभवर्तमान सांगत नाही आणि मीही सांगणार नाही. एवढंच दिसतं, की पाय धुताना त्याला वगळलं नव्हतं, भाकरीचा तुकडा बुडवून त्याच्याच हाती दिला होता, आणि बागेत त्याला मित्र म्हटलं होतं. त्याला ज्याची भीती वाटायला हवी होती, त्यानेच शेवटपर्यंत त्याला तोडलं नाही. यहूदाने स्वतःला तोडलं.

हे सगळं लिहून ठेवणारे पहिल्या पिढ्यांतले श्रद्धावंत होते. त्यांना ही गोष्ट सोयीची करता आली असती. पेत्र तोवर त्यांचा पुढारी झाला होता. त्याचं नाकारणं झाकता आलं असतं. चौघांपैकी एकाही शुभवर्तमानकाराने ते झाकलेलं नाही. यहूदाचं नाव तर सहज गाळता आलं असतं. त्याच्या जागी मत्थियाची निवड केव्हाच झाली होती. तरी मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही येशूने निवडलेल्या बारा जणांची यादी देताना यहूदाला बारांतच ठेवलं. तिन्ही याद्यांत पहिलं नाव पेत्राचं आहे आणि शेवटचं यहूदा इस्कर्योताचं.